रयतेचे वकील आणि राज्याचा जमाखर्च

जगात सर्वांत जास्त मुसलमान कोणत्या देशात राहतात, असे आम्ही वर्गात कधी कधी विचारतो. मुले सौदी अरेबिया म्हणतात, इराण म्हणतात, तुर्कस्तान म्हणतात. इंडोनेशियाचे नाव क्वचितच निघते. खरे तर गेली कित्येक दशके या यादीत त्याच देशाचे नाव पहिले घेतले जाते. हजला जाऊन आलेल्यांना मात्र हे सांगावे लागत नाही. एकसारख्या पोशाखात, एकमेकांचा हात न सोडता, शिस्तीने चालणारे इंडोनेशियाचे जथे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असतात.

या देशाची पहिली वीस-एकवीस वर्षे आज आम्हाला वाचकांपुढे ठेवायची आहेत. राजकारण, अर्थकारण आणि परराष्ट्र धोरण हे तीन शब्द ऐकले की आपल्या घरांत पुरुष मंडळी पुढे सरसावतात आणि आयाबहिणी उठून स्वयंपाकघरात जातात. पण या तिन्हींचे बिल शेवटी त्या स्वयंपाकघरातच येते. इंडोनेशियाच्या इतिहासात ही गोष्ट फार स्पष्ट दिसते.

१७ ऑगस्ट १९४५ रोजी जकार्तात सुकार्णो यांनी स्वातंत्र्याची घोषणा वाचली. शेजारी मोहम्मद हत्ता उभे होते. सुकार्णो राष्ट्राध्यक्ष झाले, हत्ता उपराष्ट्राध्यक्ष. दोघांचे स्वभाव अगदी निराळे. सुकार्णो इंजिनिअर होते, पण त्यांचे खरे सामर्थ्य जिभेवर होते. लाखाची सभा ते तासन्‌तास खिळवून ठेवत. हत्ता हॉलंडमधील रॉटरडॅम येथे अर्थशास्त्र शिकलेले, मितभाषी, वेळेचे पक्के आणि पुस्तकात डोके घालून बसणारे. देश स्वतंत्र होईपर्यंत लग्न करणार नाही, हा त्यांचा निश्चय होता. नोव्हेंबर १९४५ मध्ये रहमी यांच्याशी त्यांचा निकाह झाला, तेव्हा मेहर म्हणून त्यांनी ग्रीक तत्त्वज्ञानावरचे स्वतः लिहिलेले पुस्तक दिले. लोक या जोडीला ‘दोघांत एक’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत. एकाने माणसे जोडायची आणि दुसऱ्याने हिशेब बघायचा, असे ते चालले होते.

पहिला कठीण प्रसंग दुसऱ्याच दिवशी आला. राज्यघटनेच्या मसुद्यात मुसलमानांनी शरियतचे पालन करण्याच्या बंधनाविषयी एक वाक्यांश होता. पूर्वेकडच्या बेटांवर ख्रिस्ती वस्ती मोठी होती आणि हा वाक्यांश राहिला तर आम्ही तुमच्याबरोबर राहू शकणार नाही, असा निरोप तिकडून आला होता. १८ ऑगस्टच्या सकाळी हत्ता यांनी मुस्लिम नेत्यांशी बोलणे केले. त्यांत मुहम्मदिया संघटनेचे वयोवृद्ध नेते की बागुस हादिकुसुमो होते. वाक्यांश काढण्यात आला आणि ‘एक ईश्वरावर श्रद्धा’ हे तत्त्व घटनेत राहिले. या निर्णयावर तिथे आजही वाद होतो. आमच्या मते त्यात शिकण्यासारखे एवढे आहे की, बहुसंख्य असूनही त्या लोकांनी शेजाऱ्याची भीती ऐकून घेतली आणि देश फुटू दिला नाही.

स्वातंत्र्य जाहीर झाले, पण डच परत आले. चार वर्षे लढाई आणि नाकेबंदी चालली. खजिन्यात काही नव्हते. १९४८ च्या जूनमध्ये सुकार्णो सुमात्राच्या टोकाला असलेल्या आचे प्रांतात गेले आणि विमानासाठी मदत मागितली. तिथल्या व्यापाऱ्यांनी पैसे काढले, बायकांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. त्यातून एक डाकोटा विमान घेतले गेले आणि त्याला आचेमधल्या एका पर्वताचे नाव दिले, ‘सुलावा’. हेच विमान दुरुस्तीसाठी कलकत्त्याला आलेले असताना डिसेंबर १९४८ मध्ये डचांनी पुन्हा हल्ला केला. परतीचा रस्ता बंद झाला. मग ते विमान ब्रह्मदेशात भाड्याने चालवून त्या कमाईवर लढ्याचा खर्च भागवला गेला. दिलेल्या बांगडीचे काय झाले, हे आचेच्या बायांना दिसत होते.

आपल्या देशाचाही या लढ्याशी घरोबा होता. १९४५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बंदरांत डचांची जहाजे इंडोनेशियाकडे निघायची होती, तेव्हा त्यांवर काम करायला तिथल्या भारतीय खलाशांनी नकार दिला. १९४६ मध्ये आपल्याकडे धान्याची टंचाई असताना पंतप्रधान सुतान शहरीर यांनी हिंदुस्थानला पाच लाख टन तांदूळ देऊ केला आणि बदल्यात कापड, अवजारे अशा वस्तू मागितल्या. स्वतःच्या घरात लढाई चालू असताना शेजाऱ्याला भात देऊ करणारा हा देश होता. १९४७ मध्ये बिजू पटनायक यांनी डचांच्या नाकेबंदीतून आपल्या विमानाने शहरीर यांना बाहेर काढले. जानेवारी १९४९ मध्ये पंडित नेहरूंनी दिल्लीत याच प्रश्नावर परिषद बोलावली. आणि २६ जानेवारी १९५० रोजी आपला पहिला प्रजासत्ताक दिन झाला, त्याचे प्रमुख पाहुणे सुकार्णो होते.

२७ डिसेंबर १९४९ रोजी डचांनी सत्ता सोडली, पण जाताना सुमारे ४.३ अब्ज गिल्डरचे कर्ज नव्या देशाच्या डोक्यावर ठेवले. त्यात इंडोनेशियावरच चालवलेल्या लढाईच्या खर्चाचाही भाग होता. ज्याने मारले त्याच्या काठीचे पैसे मार खाणाऱ्याने द्यायचे, असा तो करार. हत्ता यांनी तो पत्करला, कारण लढाई आणखी लांबली असती तर माणसे मेली असती.

महागाई तर आधीच भडकलेली होती. मार्च १९५० मध्ये अर्थमंत्री शफ्रुद्दीन प्रवीरनगारा यांनी एक अजब उपाय केला. पाच गिल्डर आणि त्यावरच्या नोटा लोकांनी कात्रीने मधोमध कापायच्या. डावा तुकडा निम्म्या किमतीने बाजारात चालेल आणि उजव्या तुकड्याच्या बदल्यात दीर्घ मुदतीचा सरकारी रोखा मिळेल. इंडोनेशियात याला आजही ‘शफ्रुद्दीनची कात्री’ म्हणतात.

तेव्हा हत्ता पंतप्रधान होते. त्यांच्या घरातला एक प्रसंग तिथे सर्वांना माहीत आहे. बेगम रहमी शिलाई मशीन घेण्यासाठी पैसे साठवत होत्या. कात्री चालली आणि जमवलेले पैसे निम्मे झाले. तुम्हाला आधीपासून ठाऊक होते, मला एक शब्द का सांगितला नाही, असे त्यांनी नवऱ्याला विचारले. हत्ता म्हणाले की, ते सरकारचे गुपित होते आणि ते बायकोलाही सांगायचे नसते. डब्यात, तांदळाच्या पिंपात, उशीच्या अभ्र्यात पैसे ठेवणाऱ्या आपल्या बहिणींना हे दुःख समजावून सांगायला नको. २०१६ च्या नोव्हेंबरातल्या रांगा त्या विसरलेल्या नाहीत. पण देशाच्या पंतप्रधानाचे मशीनही तुमच्या मशीनबरोबरच बुडाले, हे कळल्यावर सामान्य माणसाचा राग थोडा तरी निवतो. सत्ता ही अमानत आहे असे आपण भाषणांत नेहमी ऐकतो. तिचा अर्थ हा.

परराष्ट्र धोरणातही हत्ता यांनी असाच सरळ हिशेब मांडला होता. सप्टेंबर १९४८ च्या भाषणात त्यांनी विचारले होते की, अमेरिका की रशिया, यातून एकाची बाजू घेणे एवढाच पर्याय आपल्याला आहे काय? दोन खडकांच्या मधून होडी वल्हवायची, अशी उपमा त्यांनी दिली. कुणाच्या दावणीला बांधून घ्यायचे नाही, पण हात बांधून बसायचेही नाही. एप्रिल १९५५ मध्ये बांडुंग शहरात आशिया आणि आफ्रिकेतल्या २९ देशांची परिषद भरली आणि यजमान सुकार्णो यांनी तिचे उद्घाटन केले. कालपर्यंत गुलाम असलेले देश गोऱ्यांच्या मध्यस्थीशिवाय एकत्र बसले होते. त्या आठवड्यात प्रत्येक इंडोनेशियन माणसाची मान ताठ झाली असेल आणि त्याचे श्रेय सुकार्णो यांना द्यायलाच हवे.

त्याच वर्षी २९ सप्टेंबरला पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. साडेतीन कोटींहून अधिक लोकांनी मते टाकली. सुकार्णो यांच्या विचारांचा राष्ट्रीय पक्ष आणि मस्जुमी हा मुस्लिम पक्ष यांना प्रत्येकी ५७ जागा मिळाल्या, नहदतुल उलमाला ४५ आणि कम्युनिस्टांना ३९. निवडून आलेल्या सभागृहाचे नाव ‘देवान परवाकिलान राक्यात’. शब्द परके वाटतात, पण जरा कान देऊन ऐका. देवान म्हणजे आपला दिवाण, परवाकिलान मध्ये वकील आहे आणि राक्यात म्हणजे रयत. रयतेच्या वकिलांची सभा! अरबी-फारसीचे जे शब्द आपल्या मराठीत रुळले, तेच सात समुद्रापलीकडे त्यांच्या संसदेच्या दारावर लागले. वकिलाचे काम काय? आपल्या अशिलाच्या वतीने विचारणे.

आता गाडी कुठे घसरली ते पाहू. दोष एका माणसाचा नव्हता. १९५० ते १९५७ या काळात सहा मंत्रिमंडळे आली आणि गेली. पक्ष आपापसांत भांडत राहिले. रबर, तेल, कथील बाहेरच्या बेटांवरून निघत होते आणि पैसा जकार्तात खर्च होत होता, त्यामुळे सुमात्रा, सुलावेसीचे लोक धुमसत होते. १ डिसेंबर १९५६ रोजी हत्ता यांनी उपराष्ट्राध्यक्षपद सोडले. ‘दोघांत एक’ मधला हिशेब बघणारा निघून गेला. १९५८ मध्ये सुमात्रात बंड झाले, त्याला अमेरिकेने गुपचूप मदत केली. मस्जुमीचे नेते मोहम्मद नात्सिर आणि कात्रीवाले शफ्रुद्दीन हेही त्यात सामील झाले. यामुळे लष्कराचे वजन वाढले आणि पक्षांची इज्जत गेली.

पश्चिम न्यू गिनी डचांनी सोडली नव्हती. त्या रागातून डिसेंबर १९५७ मध्ये डच कंपन्या ताब्यात घेण्यात आल्या. मागणी न्याय्य वाटत होती आणि लोक खूश होते. पण बेटाबेटांमधली मालवाहतूक एका डच कंपनीच्या जहाजांवर चालत होती. ती बरीचशी जहाजे डचांनी काढून नेली. हजारो बेटांच्या देशात जहाजे नाहीत म्हणजे एका बेटावर खोबरे सडते आहे आणि दुसऱ्या बेटावर तांदूळ पोचत नाही. ताब्यात आलेल्या कंपन्यांवर लष्करी अधिकारी नेमले गेले. त्यांना बंदूक चालवता येत होती, मळा चालवता येत नव्हता.

ऑगस्ट १९५९ मध्ये पुन्हा नोटांवर घाला आला. पाचशेची नोट पन्नासाची झाली आणि हजाराची शंभराची. बँकेत पंचवीस हजार रुपियाच्या वर रक्कम असेल तर वरच्या रकमेतला नव्वद टक्के भाग गोठवला गेला. १९५० च्या कात्रीने निम्मे तरी हातात ठेवले होते. आता दहातला एक उरला.

आणि मार्च १९६० मध्ये मुख्य गोष्ट घडली. रयतेच्या वकिलांनी सरकारचा अर्थसंकल्प नामंजूर केला. खर्चाला जोड कुठून आणणार, एवढाच प्रश्न होता. सुकार्णो यांनी ते निवडून आलेले सभागृहच बरखास्त केले आणि त्या जागी आपण नेमलेले सभासद बसवले. त्याच वर्षी मस्जुमीवर बंदी आली. हत्ता यांनी ‘आमची लोकशाही’ हा लेख लिहून हे चुकते आहे असे साफ सांगितले. तो छापला ‘पंजी मशाराकत’ या मासिकाने. विख्यात आलिम आणि कादंबरीकार हम्का यांनी चालवलेले ते मुस्लिम वाचकांचे मासिक होते. मासिक बंद करण्यात आले.

यानंतर विचारणारे कुणी राहिले नाही. १९६२ च्या आशियाई खेळांसाठी सोविएत कर्जातून लाखभर माणसे बसतील असे क्रीडांगण उभे राहिले. मध्य जकार्तात राष्ट्रीय स्मारकाचा उंच स्तंभ चढू लागला. त्याच्या माथ्यावर सोन्याने मढवलेली ज्योत आहे. या खेळांतून इस्राएल आणि तैवानच्या खेळाडूंना वगळले गेले, तेव्हा भारताचे प्रतिनिधी सोंधी यांनी आक्षेप घेतला आणि जमावाने जकार्तातील भारतीय वकिलातीवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी फुटबॉलच्या अंतिम सामन्यात सारे क्रीडांगण आपल्या मुलांची हुर्यो उडवत होते. हैदराबादचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या त्या संघाने दक्षिण कोरियाला २-१ ने हरवले, ते त्या गोंगाटात. तांदूळ देऊ करणाऱ्या आणि दागिन्यांचे विमान कलकत्त्याला पाठवणाऱ्या देशाशी आपले नाते सोळा वर्षांत इथवर आले होते.

१९६३ मध्ये मलेशिया अस्तित्वात आले आणि सुकार्णो यांनी त्याच्याविरुद्ध ‘मुकाबला’ पुकारला. इंडोनेशियाचे रबर आणि कथील सिंगापूरमार्गे जगात जात होते, तोच रस्ता त्यांनी बंद केला. अमेरिकेला तुमची मदत जहन्नममध्ये घेऊन जा, असे सुनावले. टाळ्या पडल्या. जानेवारी १९६५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघ सोडला. तोवर परकीय कर्ज दोन अब्ज डॉलरच्या वर गेले होते. सरकार नोटा छापत होते आणि वर्षाची महागाई सहाशे टक्क्यांच्या आसपास पोचली होती. म्हणजे गेल्या ईदला दहा रुपियाला मिळणारी वस्तू या ईदला सत्तरच्या घरात. लोकांना भाताऐवजी मका खाण्याचा उपदेश होत होता. डिसेंबर १९६५ मध्ये हजार जुन्या रुपियांचा एक नवा रुपिया झाला.

भुकेलेल्या आणि एकमेकांवर दात धरून बसलेल्या त्या देशात १ ऑक्टोबर १९६५ च्या पहाटे सहा सेनापतींची हत्या झाली. लष्कराने कम्युनिस्टांवर ठपका ठेवला आणि काही महिन्यांत पाच लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. काही अंदाज याहून मोठे आहेत. मारणाऱ्यांत सैनिक होते, तसे गावोगावचे तरुणही होते आणि त्यांत धार्मिक संघटनांचे लोकही होते. हे लिहिताना हात जड होतो, पण आपल्याच लोकांनी केले म्हणून ते झाकावे असे आम्हाला वाटत नाही. नहदतुल उलमाचे नेते अब्दुर्रहमान वाहिद पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा २००० साली त्यांनी या कत्तलीबद्दल जाहीर माफी मागितली. सुकार्णो यांची सत्ता गेली आणि सुहार्तो यांची तीस वर्षांहून लांब लष्करी राजवट आली.

कुणी म्हणेल, देशाची इज्जत तांदळाच्या भावात मोजायची का? इज्जतीसाठी पोटाला चिमटा घ्यावाच लागतो. बरोबर आहे, घ्यावा लागतो. आचेच्या बायांनी दागिने दिले तेव्हा त्यांनी हेच केले. पण त्यांना कशासाठी द्यायचे ते सांगितले होते आणि त्यांनी स्वखुशीने दिले होते. १९५९ मध्ये पैसा न विचारता गेला आणि १९६० नंतर तो कुठे गेला हे विचारायची जागाच बंद झाली. त्यागाची आणि लुबाडणुकीची वाट सुरुवातीला सारखीच दिसते. फरक फक्त हिशेबाने कळतो.

म्हणून वाचकांना आमची एक विनंती आहे. राज्यकर्ता आपल्या धर्माचा आहे की नाही, बोलतो किती छान, परक्यांना दम कसा देतो, यावर आपल्या घरांत खूप चर्चा होते. तशी चर्चा जमाखर्चावरही होऊ द्या. फेब्रुवारीत अर्थसंकल्प मांडला जातो, त्या दिवशी मुलांना, मुलींनाही, वर्तमानपत्र घेऊन बसवा. शिक्षणावर किती, आरोग्यावर किती, व्याजात किती जाते, ते वाचून दाखवायला सांगा. ग्रामपंचायतीचा, नगरपालिकेचा, आपल्या मोहल्ल्यातल्या मशिदीच्या आणि शाळेच्या ट्रस्टचाही हिशेब विचारा. ज्याला घरात आणि मोहल्ल्यात विचारायची सवय नाही, तो दिल्लीला काय विचारणार?

विचारणे म्हणजे दुश्मनी, असा एक समज आपल्यात आहे. हम्का यांना १९६४ मध्ये तुरुंगात टाकले गेले आणि दोन वर्षे ते आत होते. १९७० मध्ये सुकार्णो नजरकैदेत मरणपंथाला लागले, तेव्हा हत्ता त्यांना भेटायला गेले. २१ जूनला सुकार्णो वारले. त्यांच्या जनाज्याची नमाज पढवायला हम्का उभे राहिले. हत्ता स्वतः १९८० मध्ये गेले. त्यांच्या कागदांत एका परदेशी बुटांच्या जाहिरातीचे जुने कात्रण सापडले. ते बूट घ्यावेत अशी त्यांची इच्छा होती, पण तेवढे पैसे कधी साठले नाहीत. आपल्याला वीरांच्या थोर दफनभूमीत नव्हे, सामान्य लोकांच्या कबरस्तानात जागा द्यावी, असे ते सांगून गेले होते. जकार्तातील तानाह कुसिर येथे रयतेच्या शेजारीच त्यांची कबर आहे.